झाडाचा शेंडा की जमीन? उल्हासकाठची पूररेषा या प्रश्नावर हलते

मोहने (ता. कल्याण) : पावसाळ्यात उल्हास चढली की इकडच्या गावांत फोन सुरू होतात. बदलापूरला पाणी किती, बारवी भरली का, रायत्याच्या पुलावरून गेलं का. रायत्याचा पूल बुडाला की कल्याण-मुरबाड रस्ता बंद. मग कांबा, वरप, म्हारळ आणि नंतर मोहने. हा क्रम लोकांना पाठ आहे. २६ जुलै २००५ ला तो पाहिला, २०१९ ला पुन्हा पाहिला. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवासी बाहेर काढावे लागले, ते पाणी याच नदीचं. पुढच्याच आठवड्यात, ४ ऑगस्टला, जू-नांदखुरीतून पन्नासहून जास्त लोकांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने उचलावं लागलं.

लोकांना पाठ असलेलं हे पाणी सरकारी नकाशावर दोन रेषांनी दाखवतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. घर बांधायची परवानगी, बिनशेती, प्लॉटचा भाव, सगळं या रेषांवर ठरतं. त्यामुळे रेषा इकडे का आली आणि तिकडे का गेली यावर वाद होतो, आणि तो व्हायलाच पाहिजे.

पण वाद बहुतेक वेळा पाण्यावरच होतो. पाऊस किती धरला, धरणातून किती सोडणार. रेषा काढायला दुसरी गोष्ट लागते ती जमिनीची उंची. पाणी शेवटी उतार बघून पसरतं. उल्हास आणि काळूच्या मधल्या सपाट पट्ट्यात हजार मीटर चाललं तर जमीन एखादाच मीटर उतरते अशी ठिकाणं असतात. तिथे उंचीत अर्ध्या मीटरची चूक झाली तर पुराची कड ५०० मीटर सरकते. अर्धा मीटर म्हणजे गुडघाभर. गुडघाभर चुकीमुळे अर्धा किलोमीटर जमीन रेषेच्या या बाजूची त्या बाजूला जाते. म्हणून ही उंची कशी मोजतात, आणि मोजताना झाडं, गवत, बांबू यांचं काय करतात, हे नदीकाठच्या माणसाला माहीत असलं पाहिजे.

विमानातून मोजणी कशी होते

गावठाणाची ड्रोन मोजणी बऱ्याच गावांनी पाहिली आहे. स्वामित्व योजनेत चुन्याच्या खुणा मारल्या, ड्रोन फिरला, फोटो काढले. फोटोला जे दिसतं तेच तो दाखवतो. आंब्याखाली काय आहे ते फोटोला दिसत नाही. मोठ्या प्रकल्पांत आता वापरतात ती मोजणी वेगळी. तिला लायडार म्हणतात. विमानातून लेझरचे झटके खाली सोडायचे, सेकंदाला काही लाख. प्रत्येक झटका खाली कशावर तरी आपटून परत येतो. जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं. विमान हजार मीटरवर असेल तर सेकंदाचे दीड लाख भाग करा, त्यातल्या एका भागात उजेड जाऊन परत येतो. विमान त्या क्षणाला नेमकं कुठे होतं आणि किती कललं होतं याची नोंद सोबत असतेच. त्यातून जमिनीवरचे कोट्यवधी ठिपके मिळतात, प्रत्येकाची उंची धरून.

ठाणे जिल्ह्याला हे नवीन नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरच्या मार्गाची मोजणी अशीच झाली. जुन्या पद्धतीने जिला दहा-बारा महिने लागले असते ती १२ आठवड्यांत झाली, असं रेल्वेकडून सांगण्यात आलं. मुंबई-नागपूर मार्गासाठी विमान १२ मार्च २०२१ ला उडालं, त्या मार्गावर आपल्याकडचं शहापूर आहे. मार्गालगतचा १५० मीटरचा पट्टा त्यात धरला होता. जंगलासाठीही हे झालं आहे. वनजमिनीत पाणी कुठे अडवता येईल हे बघायला केंद्राने २६ राज्यांत २ लाख ६१ हजार ८९७ हेक्टरची लायडार मोजणी हाती घेतली, खर्च १८ कोटी ३८ लाखांच्या वर. जून २०२१ मध्ये दहा राज्यांचे अहवाल जाहीर झाले, त्यात महाराष्ट्र होता. आणि २०२२ च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणात २०३० पर्यंत सपाट भागाची उंची २५ सेंटिमीटर अचूकतेने मोजायचं ठरलं आहे. म्हणजे हे विमान आज ना उद्या सगळ्यांच्याच शिवारावरून जाणार.

लेझरचा फायदा असा की तो पानांच्या फटींतून खाली उतरतो. एकच झटका थोडा शेंड्याला लागतो, थोडा मधल्या फांदीला आणि उरलेला जमिनीला. तिघांचे पडसाद वेगवेगळे नोंदले जातात. शेवटचा पडसाद बहुतेक वेळा जमिनीचा. ‘बहुतेक वेळा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण पुढचं सगळं काम याच दोन शब्दांभोवती आहे. दाट बांबूच्या बेटात झटका तळाला पोचतच नाही. त्याचा शेवटचा पडसाद कमरेएवढ्या उंचीवरच्या कोंबाचा असतो. संगणकाला तो जमीन वाटू शकतो.

उलटा केलेला डोंगर आणि त्यावर टाकलेली गोधडी

मग झाडं काढतात कशी? कुऱ्हाड नाही, सगळं संगणकात. ठिपक्यांमधून जमिनीचे कोणते आणि झाडाझुडपांचे, घरांचे कोणते हे वेगळं करायचं. साधी रीत अशी की दहा-दहा मीटरचे चौकोन पाडायचे, प्रत्येकातला सगळ्यात खालचा ठिपका जमीन धरायचा, ते ठिपके जाळ्यासारखे जोडायचे आणि जाळ्याच्या जवळ येणारे बाकीचे ठिपके हळूहळू त्यात घ्यायचे. जे फार वर राहतात ते झाड किंवा घर.

दुसरी रीत चीनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडली, ती समजायला सोपी आहे. सगळे ठिपके उलटे करायचे. झाडं आता खाली लोंबकळणाऱ्या खड्ड्यांसारखी होतात आणि जमीन वर येते. त्यावर वरून एक कापड सोडायचं, अर्थात हिशोबातलं कापड. जिथे ते टेकतं ती जमीन, खड्ड्यांत जे राहिलं ते झाड. आता कापड कसं घ्यायचं? जाड गोधडी घेतली तर ती खड्ड्यांवर ताठ राहते, झाडं चांगली निघतात. पातळ धोतर घेतलं तर ते झाडाच्या खड्ड्यातही उतरतं आणि झाडाचा काही भाग जमीन म्हणून राहतो.

मग गोधडीच घ्या, असं कोणी म्हणेल. अडचण इथेच आहे. भातखाचराचा बांध उलटा केला की तोही अरुंद खाच होतो. जाड गोधडी त्या खाचेत उतरत नाही. संगणक म्हणतो, ही काही जमीन नव्हे, झुडूप असेल, काढा. बांध नकाशातून गेला! खाडीकडच्या खाजणाचे मातीचे बांध, नाल्याची उचललेली कड, शेताचा पिढ्यान्‌पिढ्यांचा ताल, सगळं याच फटक्यात सपाट होऊ शकतं. मग त्या नकाशावर पूर सोडला की पाणी बांध नसल्यासारखं शिवारभर पसरतं, आणि जो मळा प्रत्यक्षात बांधामुळे वाचतो तो रेषेत येतो.

म्हणजे चूक दोन्हीकडे होते आणि तिचा भार वेगवेगळ्या माणसावर पडतो. झाडी कमी काढली तर जमीन खरी आहे त्यापेक्षा उंच दिसते, पूर लहान दिसतो, तिथे इमारतीला परवानगी मिळते आणि पहिल्या मोठ्या पावसात तळमजल्यावरचं कुटुंब छातीएवढ्या पाण्यात उभं असतं. झाडी जास्त काढली तर शेतकऱ्याची जमीन विनाकारण रेषेत अडकते. कापड किती जाड घ्यायचं हे कार्यालयात बसलेला माणूस ठरवतो. त्याने आपलं शिवार पाहिलेलंच असेल असं नाही.

गवताचं दुखणं आणखी वेगळं. उंच सागाचा शेंडा आणि जमीन यांत दहा मीटरचं अंतर असतं, पडसाद सहज वेगळे होतात. पण उभं भात किंवा गुडघाभर गवत असेल तर पानाचा आणि मातीचा पडसाद इतके लागून येतात की यंत्राला ते दोन म्हणून ओळखताच येत नाहीत. सगळं मिळून एकच ठिपका, मातीच्या वीतभर वर. त्यामुळे गवताळ माळ नकाशावर आहे त्याहून थोडा उंच येतो. सप्टेंबरात उडालेल्या विमानाचा नकाशा आणि मे महिन्यातल्या विमानाचा नकाशा एकाच शेताचे असूनही जुळणार नाहीत.

साग उघडा, तेव्हा नदी झाकलेली

विमान केव्हा उडवायचं याला म्हणून मोठं महत्त्व आहे. शहापूर-मुरबाडचं जंगल पानगळीचं. फेब्रुवारी ते मे साग, पळस, सावर उघडे पडतात, भात निघून गेलेलं असतं, गवत वाळून बसलेलं असतं. लेझर सरळ जमिनीवर जातो. मुंबई-नागपूरचं विमान मार्चमध्ये उडालं ते आपल्या जंगलाच्या दृष्टीने बरोबरच झालं. आंबा, जांभूळ, करवंदीच्या जाळ्या बारमाही हिरव्या, त्यांच्याखाली अडचण राहतेच, पण ती आवाक्यात.

मोहन्याला मात्र इथेच गोम आहे. ज्या महिन्यांत जंगल उघडं पडतं, त्याच महिन्यांत उल्हासवर जलपर्णी चढते. मोहने बंधाऱ्याच्या अंगाला उन्हाळ्यात नदी आहे की हिरवं मैदान हे लांबून कळत नाही. पहिल्या मोठ्या पुरात ती वाहून जाते, सांडपाणी चालू असल्यामुळे पुन्हा येते. पाणी पिण्यासाठी उचलणाऱ्यांचं दुखणं वेगळं आणि नेहमी बातम्यांत येणारं. मोजणीचं दुखणं असं की नेहमीचा लेझर पाण्यात शोषला जातो, पडसाद फारसा येतच नाही, आणि त्यावरून कळतं की इथे पाणी आहे. जलपर्णीवरून मात्र पडसाद छान येतो. वर ती सपाट. झाड ओळखायची संगणकाची खूण म्हणजे शेजारच्यापेक्षा एकदम उंच असणं. जलपर्णी तशी नाहीच, काठापासून काठापर्यंत एकसारखी पसरलेली. झाडी काढणारा हिशोब तिला जमीन म्हणून सोडून देऊ शकतो. मग नदीचं पात्र भरून आल्यासारखं दिसतं.

जलपर्णी नसती तरी साध्या लेझरला नदीचा तळ दिसत नाही. पाण्यात उतरणारा हिरवा लेझर असतो, पण त्याला नितळ पाणी लागतं, आणि उल्हासच्या पाण्याबद्दल इथे वेगळं सांगायला नको. तळ मोजायला होडीच लागते. काठीने किंवा आवाजाच्या यंत्राने ठरावीक अंतरावर नदीचा आडवा छेद घ्यायचा आणि तो विमानाच्या नकाशाला जोडायचा. म्हणजे पूररेषेसाठी उल्हासला दोन मोजण्या लागतात, काठाला विमान आणि पात्राला होडी. यातली होडी वगळली तर विमानाच्या पैशाचा निम्मा उपयोग गेला.

मुंबई बुडणार, ही बातमी कुठून आली होती

ऑक्टोबर २०१९ मध्ये २०५० पर्यंत मुंबई बुडणार असे नकाशे व्हॉट्सअॅपवर फिरले होते ते अनेकांना आठवत असतील. त्यामागे हीच झाडीची गोष्ट होती. जगाच्या उंचीचा जो नकाशा सगळे फुकट वापरतात तो फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानातून रडारने घेतला. त्या रडारला शहरात छपरं दिसली आणि खाडीकाठी तिवरांचे शेंडे. तीच जमीन धरली गेली. अमेरिकेतल्या क्लायमेट सेंट्रलच्या दोघा संशोधकांनी लायडारच्या खऱ्या उंचीशी ताडून चूक काढली, तर किनाऱ्याची जमीन सरासरी सुमारे दोन मीटरने उंच दाखवली जात होती. ती दुरुस्ती केल्यावर धोक्यातल्या लोकांचा आकडा जगभरात कितीतरी वाढला आणि त्यातून ते नकाशे आले. समुद्र एका रात्रीत वर आला नव्हता. कागदावरची जमीन खाली आली होती. (भरतीला अडवणारे बांध त्या नकाशात धरले नव्हते, ही बाब मात्र फॉरवर्ड करणाऱ्यांनी गाळली.) पुढे २०२२ मध्ये इंग्लंडच्या ब्रिस्टल विद्यापीठाने साऱ्या जगाचा झाडं आणि इमारती वजा केलेला नकाशा केला. पण त्यात ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची. आपल्याकडे ३० मीटरमध्ये दोन खाचरं आणि मधला बांध येतो.

डोंगराखालच्या वाड्यांना याचा वेगळा उपयोग आहे. झाडी उचलून उघडा डोंगर पाहिला की पूर्वी दरड घसरल्याचे व्रण दिसतात, जे खालून जंगलात उभं राहून दिसत नाहीत. अमेरिकेत ओसो गावावर २२ मार्च २०१४ ला डोंगर आला, ४३ माणसं गेली. त्या खोऱ्यातले जुन्या दरडींचे व्रण लायडारच्या नकाशात आधीच दिसत होते. जुलै २०२३ मध्ये आपल्या शेजारी खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गेली, ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. मुरबाड, शहापूरच्या डोंगरालगतच्या वाड्यांची यादी करताना नुसती पाहणी पुरत नाही, ती यासाठी.

काढलेली झाडं फेकायची नाहीत

एक बाब तज्ज्ञांच्या अहवालातही कधी कधी अर्ध्यावर राहते. नकाशातून झाडं काढली तरी पुराच्या दिवशी ती जागेवरच उभी असतात. काठावरची बाभळीची रांग, वेड्या बाभळीचं रान, बांबूची बेटं पाण्याला अडवतात, पाण्याचा वेग कमी होतो आणि पातळी वर चढते. ज्याने फक्त उघडी जमीन घेतली आणि तिच्यावर पाणी सोडलं, त्याचं पाणी गुळगुळीत फरशीवरून गेल्यासारखं झरझर खाली जातं. म्हणून काढलेले झाडांचे ठिपके वेगळे जपून ठेवायचे आणि पूर कुठे किती अडेल याचा हिशोब त्यांच्यावरून करायचा. उघडी जमीन उंचीसाठी, झाडी अडथळ्यासाठी, दोन्ही एकाच उड्डाणातून मिळतात.

पुलांचंही असंच. पूल काढला नाही तर नकाशात तो नदीला घातलेलं धरण होतो. रेल्वेच्या आणि रस्त्याच्या भरावाखालच्या मोऱ्या वरून दिसत नाहीत, त्या हाताने नकाशात उघडाव्या लागतात. कुठल्या मोरीतून पाणी जातं आणि कुठली दहा वर्षांपासून बुजलेली आहे हे विमानाला ठाऊक नसतं, शेजारच्या शेतकऱ्याला असतं. आणि मोजणीनंतर झालेला भराव कुठल्याच नकाशात नसतो. कल्याण-भिवंडीकडे खाचरं किती वेगाने भरली जातात हे सगळे रोज पाहतात. पाच वर्षांपूर्वीची उंची आज खरी धरता येत नाही.

हरकत घेताना काय विचारायचं

विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा बहुतेक अर्जांत ‘आमच्या जमिनीवर पूररेषा चुकीची दाखवली आहे’ एवढंच असतं. त्याला उत्तर सोपं, रेषा शास्त्रीय पद्धतीने काढली आहे. त्यापेक्षा मुद्द्याचं विचारावं. उंची कशावरून घेतली, उपग्रहावरून, ड्रोनच्या फोटोवरून की लायडारवरून? उड्डाण कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वर्षी झालं? झाडी काढलेला उघड्या जमिनीचा नकाशा मिळेल का, आणि त्यात अमुक गटातला बांध आहे का? नदीचा आडवा छेद होडीने कुठे कुठे घेतला? ही कागदपत्रं माहितीच्या अधिकारातही मागता येतात.

सगळ्यात उपयोगाचा प्रश्न तपासणीच्या ठिकाणांचा. विमानाची उंची बरोबर आली का हे बघायला खाली रोव्हरने काही ठिकाणी उंची मोजतात. जमीन मोजणीला येतो तसलाच रोव्हर. ही ठिकाणं डांबरी रस्त्यावर आणि क्रिकेटच्या मैदानावर घेतली तर चूक चार बोटं निघते आणि अहवालात तोच आकडा छापून येतो. पण बांबूखाली, गवतात, करवंदीच्या जाळीत घेतली तर चूक कितीतरी मोठी असू शकते. अमेरिकेतल्या मोजणी संस्थांच्या नियमांत हे दोन आकडे वेगळे द्यावे लागतात, उघड्या जमिनीचा एक आणि झाडीखालचा एक. आपल्या अहवालात एकच आकडा असेल तर तो कुठल्या जमिनीवरचा, हे लेखी मागावं.

आणि गावाकडे स्वतःचा पुरावा असतो तो वापरावा. पूर कुठवर आला याची भिंतीवरची खूण रेषा तपासायला अभियंत्यालाही हवी असते, कारण हिशोबात सोडलेलं पाणी त्या खुणेपर्यंत आलं पाहिजे. ओलीची रेघ दोन-तीन पावसाळ्यांत जाते. पाणी उतरल्यावर लगेच ऑइलपेंटने आडवी रेघ मारावी, शेजारी तारीख आणि वेळ लिहावी, जोत्यापासून टेपने उंची घेऊन फोटो काढावा, फोटोत टेप दिसला पाहिजे. गवंडी लेव्हल काढायला पाण्याची नळी वापरतो, तिनेच दोन-चार घरांच्या खुणा एकमेकींशी ताडून घेता येतात. देवळाची किंवा शाळेची भिंत घराच्या भिंतीपेक्षा बरी, तिचा रंग बदलला तरी जोतं तेच राहतं.